कॉम्प्युटरच्या खोक्यावर एक्सपायरी डेट का नसते?

आमच्या घरी एक कॉम्प्युटर आहे, २०१४ च्या दिवाळीत लॅमिंग्टन रोडवरून असेंबल करून आणलेला, इंटेलच्या चौथ्या जनरेशनचा आय-थ्री प्रोसेसर, चार जीबी रॅम, पाचशे जीबीची हार्डडिस्क, आणि त्याच्यावर राज्य बाबांचं. बाबा वय वर्षं ७६, सोसायटीचे माजी खजिनदार, माजी असूनही हिशेब तेच बघतात कारण आजी खजिनदाराला एक्सेल उघडलं की घाम फुटतो.

तर २०२५ च्या पावसाळ्यात कधीतरी बाबांनी हाक मारली, "अरे, हा डबा चालू करून मी अंघोळ, देवपूजा सगळं उरकून येतो तरी ते गोल गोल फिरतंच असतं, आणि आता वर हे काय आलंय बघ." आलं होतं ते पूर्ण स्क्रीनभर पसरलेलं पान, की विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपतोय, आणि तुमचा पीसी विंडोज ११ ला चालणार नाही. बाबांनी त्याचा सरळ अर्थ काढला की १५ तारखेला कॉम्प्युटर चालूच होणार नाही, आणि मला काही सांगायच्या आत सोसायटीच्या सगळ्या लेजरच्या प्रिंट काढून ठेवल्या, एक अख्खी रिम संपवली.

मग मी डबा उचलून जवळच्या दुकानात नेला. त्यानं झाकणसुद्धा उघडलं नाही. "चौथी जनरेशन? साहेब, यात एक रुपया घालू नका, आता याला भंगारवाला पण हात लावणार नाही," असं म्हणून हातात कोटेशन, ३८ हजार, मॉनिटर वेगळा. आता हा माणूस काही लबाड होता असं मी म्हणत नाही, त्याचं पोट नवीन विकण्यावर आहे, रिपेअरला तीनशे रुपये देताना आपणच घासाघीस करतो. पण मला तेव्हापासून एक गोष्ट खटकतेय आणि ती आमच्या डब्यापुरती नाहीये म्हणून हे लिहितोय.

झालं असं की दुखणी दोन होती आणि त्यानं दोन्ही एकाच पुडीत बांधली. कॉम्प्युटर हळू चालतो हे एक दुखणं. कंपनी सपोर्ट बंद करतेय हे दुसरं. पहिलं आपल्या घरातलं आहे, त्यावर इलाज बऱ्याचदा स्वस्तात होतो. दुसरं आपल्या घरातलं नाहीच, ते कुणीतरी लांब बसून ठरवलंय. आणि आपण काय करतो, दुसऱ्याची भीती वाटते म्हणून पहिल्यावर ३८ हजार खर्च करतो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

आधी हळूचं बघू. घरी आणून टास्क मॅनेजर (कुठला भाग किती राबतोय ते दाखवणारी खिडकी) उघडला तर प्रोसेसर दहा टक्क्यांवर आरामात पहुडलेला आणि डिस्क शंभर टक्के, लालेलाल. हार्डडिस्क म्हणजे शेवटी फिरणारी थाळी, मिनिटाला ७२०० फेरे, म्हणजे एका फेऱ्याला साधारण आठ मिलिसेकंद, आणि वाचणाऱ्या सुईला आधी जागेवर सरकायचं, मग हवा तो तुकडा फिरत खाली येईपर्यंत थांबायचं, त्यामुळे इकडे तिकडे विखुरलेल्या बारीक फायली वाचायच्या असतील तर सेकंदाला शंभर-सव्वाशे उड्या मारून तिचा दम निघतो. आणि विंडोज चालू होताना नेमकं तेच मागते, थोडं इथलं थोडं तिथलं. त्यात रॅम कमी पडली की विंडोज उरलेलं सामान उचलून त्याच हार्डडिस्कवर नेऊन टाकते, म्हणजे रॅमचं ओझंही शेवटी त्या बिचारीच्याच डोक्यावर. एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काही नसतंच, ती याच कामाच्या हजारो उड्या मारते. दुकानातला प्रत्येक मेकॅनिक हे झोपेत सांगेल, पण गिऱ्हाइकाला सांगत नाही.

मग मी काय केलं, २४० जीबीची साधी साटा एसएसडी आणली अठराशेला, चार जीबीची जुनी डीडीआर-थ्री रॅम आणली साडेपाचशेला (ही नवीन शोधत बसू नका, जुनी चालते), शंभर रुपयांची थर्मल पेस्ट, आणि तीस रुपयांचा एक बटन सेल. या बटन सेलची गंमत वेगळीच. रोज सकाळी कॉम्प्युटर म्हणायचा एफ-वन दाबा, तारीख जायची कुठल्या कुठे २०१३ ला, आणि तारीख चुकली की बँकेची साइट उघडत नाही, कारण ब्राउझरच्या हिशेबानं त्या साइटचं सर्टिफिकेट अजून जन्मालाच आलेलं नसतं. ब्राउझर लाल पाटी दाखवतो, धोका आहे म्हणतो. बाबांनी दोन वर्षं ते व्हायरसमुळे होतंय असं समजून अँटिव्हायरसचे पैसे भरले! मदरबोर्डवरचा सीआर-२०३२, तो मनगटी घड्याळासारखा चपटा सेल, तो संपला होता, बस.

एकूण खर्च अडीच हजारांच्या आत. ब्रशनं धूळ काढली, एवढी निघाली की बायकोनं मला गॅलरीत हाकललं. आता बाबा बटन दाबून चष्मा पुसतात तोवर एक्सेल उघडायला तयार असतं.

हे वाचून कुणी म्हणेल, झालं, जुनं ते सोनं. तसं अजिबात नाही. मावसभावाकडे कोअर टू ड्युओ आहे, आमच्याहूनही जुन्या जमान्यातला, डीडीआर-टू रॅमवाला, मदरबोर्डवरचे कपॅसिटर भाकरीसारखे फुगलेत, तो मला विचारत होता यात एसएसडी टाकू का, मी म्हणलं चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, सोड. त्याच्या मुलीला आर्किटेक्चरला जायचंय, तिला थ्रीडीचं काम लागेल, तिथं जुनं मशीन ढकलत बसणं म्हणजे पोरीच्या डोळ्यांचा आणि वेळेचा नुसता नास. व्हिडिओचंही तसंच, यूट्यूब आता ज्या फॉरमॅटमध्ये व्हिडिओ पाठवतो ते उलगडायची सोय चौथ्या जनरेशनच्या चिपमध्ये पूर्ण नाहीये, प्रोसेसरलाच राबावं लागतं, १०८० पर्यंत निभतं, फोर-के लावलं की पंखा विमानासारखा ओरडतो. बाबा कीर्तनं बघतात, त्यांना निभतंय तेवढ्यात.

आणि विजेचं गणित मला नेहमी ऐकवलं जातं, की जुना डेस्कटॉप वीज खातो, नवीन मिनी पीसी घ्या, बिलातून पैसे वसूल. करूया गणित. समजा जुना ८० वॅट खातोय आणि नवीन २० वॅट, फरक ६० वॅटचा. रोज चार तास, वर्षभर, झाले साधारण ८८ युनिट. दहा रुपये युनिट धरा, झाले ८८० रुपये वर्षाला. नवीन मशीन तीस हजारांचं असेल तर वसूल व्हायला चौतीस वर्षं. बाबा तेव्हा ११० चे असतील.

आता दुसरं दुखणं, तारखेचं. इथं मी थोडा तापणार आहे.

विंडोज १० आलं २९ जुलै २०१५ ला. १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद होणार ही तारीख मायक्रोसॉफ्टनं सुरुवातीपासून जाहीर केलेली होती, हे मान्य करायला हवं, दहा वर्षं काही कमी नाहीत, आणि विंडोज ७, ८.१ वाल्यांना त्यांनी ते फुकटात दिलं होतं. (२०१५ मध्येच त्यांच्या एका माणसानं कॉन्फरन्समध्ये हे विंडोजचं शेवटचं व्हर्जन असंही म्हणून टाकलं होतं, ते सोडा.) मग तक्रार कशाची? तक्रार अशी की जून २०२१ मध्ये विंडोज ११ जाहीर झालं आणि तेव्हा पहिल्यांदा कळलं की त्याला टीपीएम २.० लागणार आणि इंटेलची आठवी जनरेशन किंवा त्यापुढची चिप लागणार, इंटेलच्या स्पर्धक एएमडीचा पहिला रायझन प्रोसेसर पण चालणार नाही. आठवी जनरेशन आली २०१७ च्या शेवटी शेवटी. आपल्याकडे दुकानात २०१८ मध्येही सातवी जनरेशन नवीकोरी म्हणून विकली जात होती, एखाद्यानं पोराच्या इंजिनिअरिंगसाठी कर्ज काढून ती घेतली असेल, त्याला घेताना कुणी सांगितलं का की बाबा रे याच्यावर पुढचं विंडोज चढणार नाही? कुणी सांगणार कसं, तेव्हा ते ठरलेलंच नव्हतं! तीन वर्षांनी ठरलं, आणि मागच्या तारखेपासून लागू.

टीपीएम म्हणजे काय तर कुलपांच्या किल्ल्या सांभाळणारी छोटी चिप, किंवा प्रोसेसरमध्येच तीच सोय. चांगली गोष्ट आहे, लॅपटॉप चोरीला गेला तर डेटा चोराच्या हाती लागत नाही, मालवेअरला अडवायला मदत होते. माझा टीपीएमला विरोध नाहीये. पण गंमत ऐका, मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा सरफेस स्टुडिओ २ हा महागडा कॉम्प्युटर तेव्हा बाजारात होता आणि त्यात सातव्या जनरेशनची चिप होती. मग ऑगस्ट २०२१ मध्ये विंडोज ११ ला चालणाऱ्या चिपच्या यादीत सुधारणा झाली आणि नेमकी तीच सातव्या जनरेशनची आय-सेव्हन चिप आत घेतली गेली, ठराविक मशीनपुरती. बाकीची जवळजवळ सगळी सातवी जनरेशन दाराबाहेर. आता यात तांत्रिक कारणं असतील, ड्रायव्हर वगैरे, दिलीत त्यांनी. पण सोसायटीच्या मीटिंगमध्ये कमिटीनं स्वतःच्या गाडीपुरता पार्किंगचा नियम बदलला तर आपण काय म्हणू?

बरं, तारीख उलटली म्हणजे काय होतं? बाबांना वाटलं तसं कॉम्प्युटर बंद पडत नाही. नवीन सापडलेल्या भोकांना ठिगळं मिळणं थांबतं, एवढंच, पण हे 'एवढंच' ऑनलाइन बँकिंग करणाऱ्याला महाग पडू शकतं. म्हणून कंपनीनं एक वर्षाची जादा मुदत ठेवली, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, तीस डॉलर भरा, किंवा त्यांच्या रिवॉर्डचे हजार पॉइंट द्या, किंवा त्यांच्या अकाउंटनं लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप त्यांच्या क्लाउडवर ठेवा म्हणजे फुकट. युरोपात ग्राहक संघटनांनी आरडाओरडा केला, तेव्हा सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या लोकांना बॅकअपची अट काढून फुकट दिलं. म्हणजे ओरडलं की मिळतं. आपण ओरडलो नाही. आपल्याकडे ग्राहक म्हणून ओरडणं म्हणजे दुकानदाराशी हुज्जत, तेवढ्यावर आपला बार संपतो.

आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे. कंपन्यांसाठी, म्हणजे ऑफिसेसना, हीच जादा मुदत तीन वर्षं विकत मिळते, ऑक्टोबर २०२८ पर्यंत, पहिल्या वर्षी मशीनमागे ६१ डॉलर आणि मग दरवर्षी दुप्पट. याचा अर्थ कळला का? ठिगळं २०२८ पर्यंत शिवली जाणारच आहेत. शिंपी बसलेला आहे, कापड आहे, शिवून तयार आहे. फक्त घरच्या गिऱ्हाइकाला ते एक वर्षाच्या पुढे द्यायचं नाही असं ठरलंय. म्हणजे हा परवडतं की नाही याचा प्रश्न राहिलाच नाही, हा कुणाला किती दिवस द्यायचं याचा प्रश्न आहे, आणि असा प्रश्न जेव्हा एकच कंपनी करोडो घरांसाठी सोडवते तेव्हा तो सार्वजनिक प्रश्न होतो, मग तुम्ही कितीही म्हणा की ही खाजगी कंपनी आहे, तिचा माल आहे.

किती घरं? कॅनालिस नावाच्या बाजार अभ्यास करणाऱ्या संस्थेनं डिसेंबर २०२३ मध्ये अंदाज दिला होता की विंडोज १० बंद झाल्यामुळे जगभरातले सुमारे २४ कोटी पीसी कचऱ्यात जाऊ शकतात. अंदाजच आहे, सगळे काही जाणार नाहीत, पण निम्मे गेले तरी बघा. संयुक्त राष्ट्रांच्या ई-कचऱ्याच्या अहवालात २०२२ सालचा आकडा आहे, ६.२ कोटी टन, आणि त्यातला नीट गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद असलेला फक्त २२.३ टक्के. उरलेला कुठे जातो हे दिल्लीच्या सीलमपूरला जाऊन बघावं, उघड्यावर तारा जाळून तांबं काढतात, बोर्ड ॲसिडमध्ये बुडवतात. आपल्याकडे २०२२ चे ई-कचरा नियम आहेत, १ एप्रिल २०२३ पासून लागू, त्यात माल बनवणाऱ्यावर जबाबदारी टाकलीय की विकलंत त्याच्या ठराविक हिश्श्याएवढं रिसायकल झाल्याचं दाखवा. चांगलं आहे. पण तो नियम वस्तू मेल्यावर सुरू होतो. वस्तू किमान किती वर्षं जगलीच पाहिजे असं बंधन त्यात नाही. स्मशानाची व्यवस्था चोख आणि दवाखान्याचा पत्ता नाही, असला कारभार.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे आणि ते फार मोठं नाहीये: कॉम्प्युटरच्या खोक्यावर, एमआरपीच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरात, या मशीनला सुरक्षेचे अपडेट किमान अमुक महिना अमुक साल पर्यंत मिळतील असं छापायची सक्ती करा. पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर बनवल्याचा महिना असतो, कधीपर्यंत खायचं ते असतं, वजन असतं, तक्रारीचा नंबर असतो. पन्नास हजारांच्या लॅपटॉपवर स्टिकर किती तरी असतात, चमचमणारे, प्रोसेसरचा, विंडोजचा, कसल्या तरी आवाजाच्या तंत्रज्ञानाचा, आणि तो किती वर्षं वापरता येईल हे मात्र कुठेच नाही.

हे काही मी स्वप्नातलं सांगत नाही. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून कायदा आहे, फोन, राऊटर, स्मार्ट टीव्ही असलं नेटला जोडायचं काही विकायचं तर सुरक्षा अपडेट किमान कधीपर्यंत देणार हे सांगावंच लागतं. (आणि कपाळाला हात लावा, त्यातून डेस्कटॉप आणि लॅपटॉप वगळलेत!) युरोपात २० जून २०२५ पासून फोन आणि टॅबलेटला नियम आहे, विक्री थांबल्यावरही पाच वर्षं अपडेट द्यायचे. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअरचं पोर्टल काढलं, मे २०२५ मध्ये त्यांच्या समितीनं रिपेअरेबिलिटी इंडेक्सवर अहवाल दिला, म्हणजे फ्रिजवर विजेचे तारे असतात तसे दुरुस्तीचे गुण, स्पेअर पार्ट मिळतात का, उघडता येतं का, सॉफ्टवेअर अपडेट किती दिवस. सुरुवात स्मार्टफोन आणि साध्या फोनपासून करा असं त्यात म्हटलंय. ठीक आहे, करा. पण कॉम्प्युटर विसरू नका, आणि गुण-बिण द्यायच्या आधी ती एक तारीख छापा. गुण वाचायला माणूस शिकलेला लागतो, तारीख माझ्या आईलाही कळते, ती लोणच्याच्या बरणीवरची वाचते.

यावर एक मित्र म्हणाला, तो आयटीत आहे, की अरे असं केलं तर कंपन्या घाबरून दोनच वर्षांची तारीख छापतील. छापू देत ना. शेजारच्या खोक्यावर सात वर्षांची असेल तर गिऱ्हाईक कुठलं उचलेल? मोबाइलमध्ये हे झालंय डोळ्यासमोर, एका कंपनीनं सात वर्षं अपडेट म्हटलं की दुसरीलाही म्हणावं लागलं, आणि आता लोक दुकानात जाऊन विचारतात किती वर्षं अपडेट. कॅमेरा किती मेगापिक्सेल यापेक्षा बरा प्रश्न आहे.

त्याचा दुसरा मुद्दा जास्त वजनदार होता. तो म्हणाला असेंबल मशीनचं काय? त्याला खोकं कुठलं? केबिनेट एकाचं, बोर्ड दुसऱ्याचा, चिप तिसऱ्याची, आणि विंडोज, म्हणजे आपल्याकडचं विंडोज कुठून येतं ते आपण बोलायलाच नको. खरं आहे. आमच्या स्वतःच्या घरात तेच आहे, २०१४ ला मी लायसन्स घेतलं होतं असं छातीठोक सांगू शकतो पण माझ्या ओळखीत असा मीच एकटा मूर्ख निघालो. यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाहीये. चिपच्या आणि बोर्डाच्या खोक्यावर छापता येईल, बोर्डाच्या बायोसचे, म्हणजे मशीन चालू करणाऱ्या त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरचे, अपडेट किती वर्षं ते तरी सांगता येईल. अर्धवट उत्तर आहे, पण आत्ता तर कोरी पाटी आहे.

सुरक्षेच्या नावाखाली सगळ्यांना एकाच काठीनं हाकलं जातं तेही पटत नाही. आमच्याकडे स्टेशनजवळ एक काका आहेत, लग्नपत्रिका, शाळेच्या प्रश्नपत्रिका, गणपती मंडळांचे अहवाल असलं डीटीपीचं काम. त्यांच्याकडे एक मशीन आहे विंडोज एक्सपी चं, एक्सपी चा सपोर्ट संपला ८ एप्रिल २०१४ ला. त्यावर पेजमेकर हे पानं मांडायचं सॉफ्टवेअर चालतं, ज्याचं शेवटचं व्हर्जन २००१ सालचं, आणि मराठी फॉन्टचं एक जुनं सॉफ्टवेअर, ज्याचा डोंगल, म्हणजे लायसन्सची किल्ली, मागे प्रिंटरच्या त्या जाड पोर्टला लावावा लागतो, तो पोर्ट आता नवीन बोर्डावर शोधून मिळत नाही. वीस वर्षांच्या फायली त्या फॉन्टमध्ये. नवीन कॉम्प्युटरवर युनिकोडमध्ये उघडल्या तर "श्री गणेशाय नमः" च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि कंस आणि डॉलरची चिन्हं असली खिचडी दिसते, कन्व्हर्टर आहेत, पण जोडाक्षरं आणि रफार हमखास घसरतात, मग अख्खी पत्रिका परत वाचायची. काकांना प्रत्येक जण सांगतो अपग्रेड करा. काका म्हणतात, "अहो, त्याला नेटची वायरच नाही, व्हायरस काय भिंतीतून येणार?" आणि त्यांचं बरोबर आहे, पेनड्राइव्ह तेवढा जपून लावला तर नेट नसलेल्या मशीनला सपोर्टच्या तारखेचं फारसं सोयरसुतक नाही. त्यांचं खरं संकट वेगळंच आहे, ती जुनी हार्डडिस्क ज्या दिवशी बसेल त्या दिवशी वीस वर्षं जातील, त्याची कॉपी काढून ठेवा म्हणून मी मागे लागलोय, तर ते म्हणतात गणपती झाल्यावर. दरवर्षी गणपती झाल्यावर.

म्हणून अपग्रेड करू का असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो, घोडं नक्की अडतंय कुठे? चालू व्हायला वेळ लागतो, की काम करताना अडकतो, की साइट उघडत नाही, की नुसती ती पूर्ण स्क्रीनची पाटी बघून पोटात गोळा आलाय? निम्म्या लोकांचं शेवटचंच असतं.

लिनक्सचं, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट सिस्टीमचं, विचाराल तर हो, मी पेनड्राइव्हवरून त्यातलं मिंट चालवून बघितलं बाबांच्या मशीनवर, झकास पळतं, मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, मराठी इनस्क्रिप्ट टायपिंग आत बसलेलंच आहे. केरळमधल्या सरकारी शाळा कित्येक वर्षं मोफत सॉफ्टवेअरवर चालतायत, त्यांची पोरं काही मागे पडली नाहीत. पण प्रामाणिकपणे सांगतो, घोडं अडलं प्रिंटरवर. आमचा जुना काळापांढरा लेझर, दणकट, पण लिनक्सवर त्याचा ड्रायव्हर बसवता बसवता माझा अख्खा रविवार गेला आणि शेवटी त्यानं अर्ध्या पानावर पावती छापून दाखवली. टॅली वापरणारे, डिजिटल सिग्नेचरचा टोकन लावून रिटर्न भरणारे, यांना "लिनक्स टाका ना" असं तोंड वर करून सांगणारे लोक मला तरी पटत नाहीत. त्यांनी एकदा शेजारच्या सीएच्या ऑफिसात ३० जुलैला जाऊन हे सांगून बघावं.

आणि आता तर थांबण्याचंही वेगळंच गणित झालंय. २०२५ च्या शेवटी शेवटी रॅमचे भाव असे उडाले की सोनं बरं. एआयच्या डेटा सेंटरना मेमरी लागते, जगात मोठ्या प्रमाणावर मेमरी बनवणाऱ्या कंपन्या मुख्यतः तीन, त्यांना तिकडे जास्त पैसे मिळतात, मग घरच्या गिऱ्हाइकाकडे कोण बघतो, मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल हा घरगुती रॅमचा आणि एसएसडीचा ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं. म्हणजे एकीकडे सॉफ्टवेअरवाले म्हणणार तुझं मशीन जुनं झालं, नवीन घे, आणि दुसरीकडे नवीन घ्यायला जावं तर पार्टवाले म्हणणार तुझ्यासाठी माल नाही. अशा वेळी ज्याचं निभतंय त्यानं निभावून न्यावं असं मला वाटतं, आणि ज्याला घ्यायचंच आहे त्यानं ऑफिसातून लीज संपून आलेले रिफर्बिश्ड लॅपटॉप बघावेत, फक्त आठव्या जनरेशनचा किंवा त्यापुढचाच घ्यावा आणि बॅटरी स्वतः तपासावी. दुकानदार आठवी म्हणून सातवी गळ्यात मारतात, मॉडेल नंबर डोळ्यांनी वाचा.

बाबांच्या मशीनला मी ती वर्षाची जादा मुदत घेतली, बॅकअपवाली, फुकट. त्यासाठी अकाउंट उघडावं लागलं. बाबांनी विचारलं, "म्हणजे आपल्या सोसायटीचा हिशेब अमेरिकेला जाणार का?" मी म्हणलं फायली नाही जाणार, नुसत्या सेटिंग्ज जातील, त्यांना फारसं पटलं नाही, मलाही पूर्ण पटलेलं नाही. ऑक्टोबर २०२६ नंतर काय ते तेव्हा बघू, बहुतेक नेटचं काम फोनवर आणि हिशेब या डब्यावर, वायर काढून, डीटीपीवाल्या काकांसारखं.

ती लेजरची रिम मात्र वाया नाही गेली. पाठकोरे कागद म्हणून माझी मुलगी त्यावर गणितं सोडवते, आणि परवा तिच्या क्लासच्या सरांनी विचारलं म्हणे, की तुमच्या सोसायटीत बी विंगमध्ये मेंटेनन्स एवढा थकलाय का?